न निघणाऱ्या डागाची वंशावळ

मांजरांच्या प्रदर्शनात हल्ली एक जात मखमली उशीवर बसलेली दिसते. अंगभर बिबट्यासारखे ठिपके, डोळ्यांना काजळाची रेघ, आणि चालणं असं की बाईसाहेब आत्ताच हरीण मारून आल्यात आणि तोंड पुसायला रुमाल शोधताहेत. बघणारे दोन पावलं मागे सरतात. शेजारच्या माहितीपत्रकात 'रानाचं रक्त', 'गूढ उगम' वगैरे मजकूर असतो. मात्र या जातीच्या वंशावळीची मूळ वही कुणी उघडलीच, तर पहिल्या पानांवर रान नाही, बिबट्या नाही, मांजरसुद्धा नाही. तिथे शर्टाचं चित्र आहे. पुढून एक शर्ट, मागून एक शर्ट, आणि त्या शर्टांवर पेन्सिलीने काढलेले ठिपके.

हे ठिपके काढणारे गृहस्थ म्हणजे डागकाका.

त्यांचं खरं नाव लॉन्ड्रीच्या हजेरीपटात होतं म्हणतात. ते तिथेच राहिलं. एकतीस वर्षं ते लॉन्ड्रीत उत्तरेच्या खिडकीखाली, एकाच टेबलापाशी बसत. उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. टेबलावर बाटल्या, तीन ब्रश, पांढऱ्या फडक्यांची चवड, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. कपडा समोर आला की काका आधी तीन प्रश्न विचारत: डाग कशाचा, कधीचा, आणि घरी कुणी काय शहाणपणा केला? तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर आजवर एकाही गिऱ्हाइकाने दिलेलं नव्हतं.

मग ते कार्ड भरत. कार्डावर शर्टाच्या दोन आकृत्या छापलेल्या. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी ही कार्डं एकदाच, पण अशा हिशेबाने छापून घेतली होती की पृथ्वी बुडाली तरी कार्डं उरावीत. त्यामुळे कोट येवो, पडदा येवो, घोंगडी येवो, काका डाग दाखवत तो शर्टावरच. खाली चार रकाने: डाग कशाचा, काय केलं, निकाल, ग्राहकाची सूचना. एकतीस वर्षांत 'निकाल' या रकान्यात 'गेला' याखेरीज दुसरा शब्द पडला नव्हता.

माणसं त्यांना चेहऱ्याने ओळखू येत नसत. "परवा कोण हो आले होते?" असं मालकीणबाईंनी विचारलं, तर उत्तर यायचं, "बीट, डावी बाही." लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेले, तेव्हा सासऱ्यांच्या पाया पडायला वाकले, वाकल्यावाकल्या सदरा न्याहाळला आणि म्हणाले, "अंडं. सकाळचं. गरम पाण्याने धुऊ नका, शिजून बसेल." सासऱ्यांना डॉक्टरांनी अंडं बंद करून सहा महिने झाले होते. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. ते भांडण काकूंच्या माहेरी अजून चालू आहे.

तर अशा या काकांच्या आयुष्यात एकच स्वच्छ प्राणी होता, तो म्हणजे लॉन्ड्रीची मांजर. इस्त्रीच्या ऊबदार टेबलावर झोपायची म्हणून तिचं नावच इस्त्री. दुधावरच्या सायीचा रंग. अंगावर रेघ नाही, टिपका नाही. काका तिच्याकडे ज्या नजरेने बघत, त्या नजरेने आपल्याकडे कधी बघितलं नाही, अशी काकूंची जुनी तक्रार होती. इस्त्री कुठून तरी मळून आली की काका तिला पुसून काढत आणि सवयीने तिचंही कार्ड भरत. पुढचे दोन पाय बाह्यांमध्ये, मागचे शर्टाच्या टोकांना, शेपटी कॉलरच्या मागे.

एका सकाळी इस्त्री व्यायली, तीही नेमकी धुऊन तयार ठेवलेल्या ब्लँकेटांच्या टोपलीत. तीन पिल्लं. दोन आईसारखी साईच्या रंगाची. तिसरं बघितलं आणि काकांनी भिंग डोळ्याला लावलं.

"शाई!" ते ओरडले. "कुणी सांडली?"

पिल्लाच्या अंगावर ओळीने काळे ठिपके होते. पाठीवर, पोटावर, पायांवर. कपाळावर तर कुणी पेनाचं निब टेकवून विचार करत बसल्यासारखं.

काका त्या क्षणापासून पिल्लाच्या मागे लागले. आधी कोमट पाणी. मग सौम्य साबण. मग साबण थोडा वेळ ठेवून पुन्हा पाणी. मग कोरडी पावडर आणि मऊ ब्रश. बाटल्यांना मात्र हात लावला नाही, कारण नाजूक कापडाला बाटली लावायची नाही हा नियम, आणि इतकं नाजूक कापड त्यांनी पाहिलं नव्हतं. पिल्लाला हा सगळा प्रकार मालिश वाटला. ते रोज टेबलावर येऊन आपण होऊन उताणं पडू लागलं.

काकू डबा घेऊन आल्या तेव्हा हे चाललं होतं.

"अहो, जन्माची खूण आहे ती! तुमच्या नाकावरचा मस मी कधी घासला का?"

"खूण वेगळी, डाग वेगळा."

"बरं, मग फरक सांगा."

काकांनी ब्रश खाली ठेवला, भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं. "जेवून सांगतो," म्हणाले. जेवले, आणि सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी त्यांनी कार्डावर लिहिलं: 'निकाल: गेला नाही. उलट उठून दिसू लागला.' एकतीस वर्षांतला पहिला पराभव. आणि पराभव झालेला माणूस कसा, एकतर चिडतो नाहीतर शरण जातो. काका शरण गेले. पिल्लाचं नाव शाई पडलं आणि शाई काकांच्या खांद्यावर बसून लॉन्ड्रीत फिरू लागली. वर्षभरात ती अशी देखणी झाली की नवीन गिऱ्हाईक दारातच थबकायचं. कपाटावरून उडी मारायच्या आधी खांदे असे खाली घ्यायची की बघणाऱ्याने आपोआप मान आखडावी. उडी मारायची ती मोज्यांच्या ढिगावर, ते सोडा.

मालकीणबाईंची धंद्याची बुद्धी जागी व्हायला एवढं पुरेसं होतं. त्यांनी दारावर पाटी लावली: 'येथे बिबट्याची नात आपल्या कपड्यांवर लक्ष ठेवते.' दुसऱ्या दिवसापासून लोक धुतलेले कपडे पुन्हा धुवायला घेऊन येऊ लागले. मालकीणबाई रंगवून सांगत, "हिच्या आजोबांनी टेकडीवरून उडी घेतली ती थेट आमच्या गच्चीवर." दर खेपेला आजोबा हातभर लांब होत. काकांना ही थाप पसंत नव्हती. पण "काय हो, खरंच?" असं कुणी विचारलं की तेही डोळे मिटून म्हणत, "स्वभाव जरा तापटच आहे तिचा." शाई तेव्हा मोज्यांत घोरत असायची.

थाप मारणाऱ्याला सगळे विश्वास ठेवणारे हवे असतात, पण एखादाच खरोखर ठेवणारा निघाला की पंचाईत होते. घोंगडी न्यायला आलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी पाटी वाचली, शाईकडे पाहिलं, शाईने जांभई देऊन सगळे दात दाखवले. बाई घोंगडी न घेताच गेल्या आणि त्यांनी नगरपालिकेला चार पानी पत्र लिहिलं, मुद्द्यांना आकडे घालून.

चौथ्या दिवशी नगरपालिकेची जनावरांची डॉक्टरीण दारात उभी राहिली. उंच, सडसडीत, पांढरा कोट, आणि चेहऱ्यावर 'मला कुणी चहा विचारू नये' असा भाव.

"बिबट्याची नात कोणती?"

"अहो, तशी ती लांबची नात..." मालकीणबाई चाचरल्या.

"पाटीवर 'लांबची' लिहिलेलं नाही." तिने शाईला उचललं, कान पाहिले, पंजे दाबून नखं पाहिली. शाईने सवयीने उताणं पडून पोट पुढे केलं. "रानटी रक्ताचं जनावर वस्तीत ठेवता येत नाही. नियम आहे. हिची रवानगी प्राणिसंग्रहालयात होईल. पिंजरा चांगला आहे."

'पिंजरा' हा शब्द ऐकून काका उभे राहिले. बोलायचं होतं बरंच काही. पण घाबरले की त्यांची नजर कपड्यावर जायची, आणि नजर गेली की जीभ तिच्या मागे.

"आयोडीन," ते म्हणाले. "उजवी बाही. सहा महिन्यांचं. आणि घरी तुम्ही लिंबू लावलंत."

डॉक्टरीणबाईंनी बाही मागे घेतली. "मी मांजराविषयी बोलतेय."

"लिंबू नव्हतं लावायचं."

"हे पाहा," ती म्हणाली, "आई पांढरी. हे पिल्लू असं. मग बाप कोण? रानातला नसेल तर दाखवा. सोमवारी येते. बाप असेल तर बाप दाखवा, नाहीतर पिंजऱ्याची गाडी घेऊन येते."

ती गेल्यावर मालकीणबाईंनी स्वतः स्टुलावर चढून पाटी काढली आणि उलटी करून भिंतीशी ठेवली. काका शाईला मांडीवर घेऊन बसले. तिच्या पाठीवरचे ठिपके ते कधीचे मोजत आले होते. डाव्या बाजूला अठ्ठेचाळीस, उजवीकडे एक्कावन्न. त्या दिवशी तीनदा मोजले, तिन्ही वेळा चुकले.

घरी काकू म्हणाल्या, "बाप शोधायचा म्हणजे कुठे शोधायचा? गावभर बोके. प्रत्येकाला जाऊन विचारणार का?"

"बोक्यांना विचारत नाहीत," काका एकदम म्हणाले. "कपड्याला विचारतात!"

सकाळी त्यांनी कार्डांचा खोका काढला. शाईच्या जन्माआधी नऊ आठवडे, इस्त्रीचं कार्ड. त्यांच्याच अक्षरात: 'डाग कशाचा: काजळी व यंत्राचं तेल, मानेवर मागच्या बाजूने, कुणी घट्ट धरल्यासारखं. निकाल: गेला.'

काकूंनी खांद्यावरून वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "इतकी वर्षं लोकांच्या कॉलरवरची लाली वाचताय, आणि आपल्याच पोरीच्या मानेवरची काजळी वाचता आली नाही?"

काजळी आणि यंत्राचं तेल दोन्ही एकत्र असण्याची जागा एकच, मागची बॉयलरची खोली. तिथले बॉयलरवाले हे काकांचे जुने वैरी. ते दार उघडं टाकत आणि वाफेबरोबर काजळी येऊन धुतलेल्या चादरींवर बसे. त्यांच्याकडे एक बोका होता, कोळशा. नावाप्रमाणे काळाठिक्कर.

"माझा कोळशा?" बॉयलरवाले म्हणाले. "मग सोडाच नाद. काळा बाप आणि पांढरी आई, ठिपके आणणार कुठून? काळ्या-पांढऱ्याची बेरीज अशी ठिपक्याठिपक्यांनी होत नसते."

काका भिंग लावून वाकले. "तो काळा आहे, की काळा झालाय?"

"म्हणजे?"

"याला शेवटचं पाणी कधी लागलं?"

बॉयलरवाले विचारात पडले. "पावसात भिजला असेल... नाही, तो आत असतो."

पुढचा पाऊण तास लॉन्ड्रीत जे झालं ते मालकीणबाई शेवटपर्यंत 'युद्ध' म्हणून सांगत. काकांनी कोळशाला तीन पाण्यांतून काढलं. पहिलं पाणी बोक्याला लागताच असं काळं झालं की बोका दिसेना. दुसऱ्या पाण्यात त्याने काकांच्या दोन्ही हातांवर नखांनी आपलं मत नोंदवलं. तिसरं पाणी राखाडी निघालं आणि टॉवेलातून एक जनावर बाहेर पडलं: राखी रंगाचं, अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत काळ्याभोर, रेखीव, आखल्यासारख्या रेघा.

"हा कुणाचा बोका?" बॉयलरवाले म्हणाले. "आणि माझा कुठाय?"

कोळशानेही स्वतःचा पंजा हुंगला, आणि अनोळखी माणसाने अंगाला हात लावावा तसा झटकला.

सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या. पिंजऱ्याची गाडी खरंच बाहेर उभी होती. काकांनी टेबलावर कोळशा ठेवला, शेजारी इस्त्री, मध्ये शाई, आणि पुढे दोन चिंध्या. "ही पट्ट्यांच्या कापडाची. ही तीच, पाण्यात रंग टिकला नाही तेव्हाची. बघा, रेघ एकदम पुसत नाही. आधी तुटते. तुटून तुकडे होतात, ओळीतच राहतात. आता शाईचे ठिपके बघा, ओळीत आहेत. ही बापाची रेघ आहे. आईच्या घराण्यात रेघ नाही, म्हणून धड टिकली नाही, तुटली."

डॉक्टरीणबाईंनी शाईच्या पाठीवरून बोट फिरवलं, मग कोळशाच्या. "शक्य आहे," त्या म्हणाल्या. "पण शक्य असणं म्हणजे पुरावा नाही. याच जोडीला पुन्हा एक असं पिल्लू झालं, तर मानेन. तीन महिने देते. तोवर ही इथेच राहू दे, पण गिऱ्हाइकांसमोर नको." आणि जाता जाता, काका बाहीकडे बघताहेत हे पाहून, "आणि बाहीबद्दल एक शब्द नको."

आता ही जोडी पुन्हा जमवायची. पण इस्त्रीने धुतलेला कोळशा पाहिला आणि त्याच्या थोबाडीत मारली. दोनदा मारली. तिची ओळख काजळीच्या वासाशी होती. हा साबणाच्या वासाचा परका गृहस्थ कोण?

"तुम्हीच बिघडवलंत," काकू म्हणाल्या. "जावईबापूंना लोळू द्या परत कोळशात."

त्यामुळे ज्या माणसाने जन्मभर लोकांना स्वच्छ केलं, तो आठवडाभर बॉयलरच्या खोलीच्या दारात उभा राहून "लोळ रे राजा, लोळ," असं एका बोक्याला विनवत होता. बॉयलरवाले शेजारी खुर्ची टाकून बसत. असं सुख त्यांना नोकरीत प्रथमच मिळत होतं. आठव्या दिवशी कोळशा पुन्हा काळाठिक्कर झाला. नवव्या दिवशी इस्त्रीच्या मानेवर मागच्या बाजूने काजळी होती. काकांनी ती पुसली नाही. कार्ड मात्र भरलं.

इस्त्रीचं पोट वाढलं. काकांनी ब्लँकेटांची टोपली मांडली, वर मऊ टॉवेल घातला. आणि एक दिवस इस्त्री गायब झाली, संध्याकाळी परत आली ती सडपातळ होऊन. पिल्लांचा पत्ता नाही. ब्लँकेटं हलवून झाली, कपाटं सरकवून झाली. इस्त्री यायची, खायची, नजर चुकवून निसटायची. असे तीन आठवडे गेले आणि मुदतीचा दिवस उजाडला.

डॉक्टरीणबाई दहाच्या ठोक्याला आल्या. गाडी बाहेर.

"पिल्लं?"

"झाली आहेत," काका म्हणाले.

"कुठे आहेत?"

शाई काकांच्या खांद्यावर बसून त्यांचा कान चाटत होती. तेवढ्यात इस्त्री दुधाच्या बशीपाशी आली. मालकीणबाई तिला हाकलायला निघाल्या, काका ओरडले, "थांबा! झटकू नका तिला!" आणि जमिनीवर पालथे पडून त्यांनी भिंग लावलं.

"पोट: कोळशाची भुकटी, ताजी. पाठ: चुना. डाव्या कानाला गंज." ते उठले. "खाली कोळसा, वर चुन्याची भिंत, बाजूला लोखंडी नळ. बॉयलरवाले, तुमची कोळशाची पेटी भिंतीपासून किती लांब आहे?"

"वीतभर."

पेटी सरकवली. मागच्या वीतभर जागेत चार पिल्लं होती. धडधाकट, गुटगुटीत, आणि चारही, आपल्या वडिलांप्रमाणे, काळीठिक्कर.

"काळी आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता. त्याने काकांना अधिकच भीती वाटली.

"वरचा डाग आहे हा," काका म्हणाले. "आतलं अजून कुणी बघितलेलं नाही."

कोमट पाणी आणलं. सगळी लॉन्ड्री टेबलाभोवती जमली. पहिलं पिल्लू धुतलं, पट्टे निघाले, बापासारखे. दुसरं, साईच्या रंगाचं. तिसरं, तेही साईचं. काका प्रत्येकाला टॉवेलात गुंडाळून काकूंच्या हाती देत होते. चौथं सगळ्यांत लहान होतं. काकांनी त्याला पाण्यात धरलं आणि फडकं फिरवलं. काळं पाणी निघालं. पुन्हा फिरवलं. पुन्हा काळं. जन्मभर त्यांनी प्रत्येक डागाला 'जा बाबा' म्हटलं होतं. आता ते ओठ न हलवता म्हणत होते, 'थोडा थांब. सगळा जाऊ नकोस.'

पाणी नितळ झालं. खिडकीतून उत्तरेचा उजेड पडला होता. पाठीवर ठिपके. पोटावर ठिपके. कपाळावर पेनाचं निब.

काकूंनी तीन पिल्लांसकट डोळे पुसले. बॉयलरवाले "माझा नातू!" म्हणून ओरडले आणि लाजले. डॉक्टरीणबाई मात्र नियमाच्या पक्क्या. त्यांनी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, ओला केला आणि पिल्लाच्या पाठीवरून खसाखसा फिरवला. रुमाल उजेडात धरला. पांढरा. पिल्लाला वाटलं मालिश. ते उताणं झालं.

"गाडी परत पाठवते," त्या म्हणाल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि आपण होऊन चहा मागितला. "ती कार्डं जपून ठेवा. आई, बाप, तारखा, एकेक ठिपका. इतकी नीट नोंद मी कुठे पाहिली नाही. मांजरांच्या जाती नोंदवणाऱ्या मंडळाला दाखवते. शर्ट कशाला काढलेत, ते मात्र तुम्हीच समजावा."

काकांनी नवीन कार्ड घेतलं. शर्टावर पेन्सिलीने ठिपके काढले, मन लावून. 'डाग कशाचा: बापाचा. काय केलं: कोमट पाणी, साबण, सरकारी रुमाल. निकाल: गेला नाही.' शेवटच्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. 'ग्राहकाची सूचना.' ग्राहक तर टॉवेलात झोपला होता. काकांनी शाईकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि लिहिलं: 'काढू नये.'

मान वर केली तर डॉक्टरीणबाई पांढरा कोट उतरवून टेबलावर ठेवत होत्या. उजवी बाही वर.

"बघा काही होतंय का," त्या म्हणाल्या.

काकांनी भिंग लावलं, बाही उजेडात धरली आणि सुस्कारा सोडला.

"होईल," ते म्हणाले. "पण लिंबू नव्हतं लावायचं."